अर्जंटचा कॉलम

ऑफिसात तिला टोलनाका म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण ऑफिस एवढंसंच होतं की पाठीमागचं बोलणंही समोर ऐकू यायचं. "काय, टोलनाका उघडला का आज?" असं कुणीतरी खुर्ची ओढता ओढता विचारी, आणि ते तिच्या कानावर पडलं हे लक्षात आलं की घाईघाईनं पाण्याची बाटली तोंडाला लावी. तिला त्याचं काही वाटत नसे. गाड्या अडवायच्या नसतील तर नाक्यावर माणूस बसवता कशाला, असा तिचा रोकडा सवाल होता.

तिचं काम सांगायला सोपं आणि करायला किचकट. एका मोठ्या इस्पितळाच्या शहरभर विखुरलेल्या लॅब होत्या. लॅबमधलं मशीन प्रत्येक रुग्णाचा रिपोर्ट आपल्या टेबलात, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या तक्त्यात, एका ओळीत लिहून ठेवायचं, आणि त्या सगळ्या ओळी रोज सकाळी पाइपलाइनमधून इस्पितळाच्या मोठ्या टेबलात येऊन पडायच्या. डॉक्टर स्क्रीनवर बघतात ते हे मोठं टेबल. ही मधे बसलेली. तिनं दोन गोष्टी बघायच्या. एक, टेबलाची ठेवण कालच्यासारखीच आहे ना, म्हणजे कॉलम तेच, त्याच क्रमानं, आकड्याच्या जागी आकडा आणि तारखेच्या जागी तारीख. दुसरी, तिकडून निघाल्या तेवढ्या ओळी इकडे पोचल्या का. एक जरी कमी भरली तरी तिची तपासणी, म्हणजे तिनं लिहिलेला प्रोग्रॅम, अख्खी पाइपलाइन थांबवून ठेवायची. मग फोन वाजायचे. "अहो बाई, एका ओळीसाठी?" "ओळ म्हणजे माणूस असतो," असं म्हणून ती फोन ठेवून द्यायची. उर्मटच होती म्हणा ना. पण काम चोख, त्यामुळे कुणाची टाप नव्हती.

हे काम तिनं ज्याला हाताला धरून शिकवलं, तो गोडबोल्या. हे नाव मात्र तिनंच ठेवलेलं, आणि तेही नंतर, राग आल्यावर. आला तेव्हा तो नुसता नवा मुलगा होता. इस्त्रीचा शर्ट, आणि दर वाक्यात ताई. "ताई, तुम्ही नसता तर मी पहिल्याच महिन्यात पळून गेलो असतो." "ताई, माझी सख्खी बहीणही इतकं करत नाही." माणूस पाघळतो हो अशानं. तिनं आपल्या डब्यातलं अर्धं त्याला दिलं, आपल्या युक्त्या दिल्या, आणि तपासणी कुठं लिहिलेली आहे, ती कशी चालू होते, कशी बंद होते, हेही दाखवलं. ते शेवटचं दाखवलं नसतं तर बरं झालं असतं.

आता मामाचं सांगायला हवं. तिचे आईवडील लहानपणीच गेले, आणि तिला मामा-मामीनं वाढवलं. मामाचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. घरभर मशीनच्या तेलाचा वास आणि मामीचा आवाज. मामी जिभेची तिखट. टॉवेल कुठं वाळत घातला इथपासून ते लग्न का करत नाहीस इथपर्यंत मामी-भाचीचं रोज वाजायचं, आणि वाजल्याशिवाय दोघींना जेवण गोड लागत नसे. मामा मधे पडत नसे. स्क्रू फिरवता फिरवता नुसता हसायचा.

मामाच्या मानेवर गाठ आली. तुकडा काढून तपासायला दिला, तोही तिच्याच आग्रहानं तिच्याच इस्पितळाच्या लॅबमध्ये. म्हणाली, "तिथं सगळं माझ्या डोळ्यांसमोर असतं." मामाच्या धावपळीसाठी तिनं रजा काढली आणि खुर्चीवर गोडबोल्याला बसवलं. नेमकं तेव्हाच त्या लॅबमध्ये नवं मशीन आलं. ते रुग्णाच्या नंबरापुढं एक अक्षर जोडायला लागलं. मोठ्या टेबलाला तिथं निव्वळ आकडा हवा होता, त्यामुळे तसल्या ओळी ते गुपचूप टाकून द्यायला लागलं. काउंट, म्हणजे ओळींची मोजणी, जुळेना. तपासणीनं पाइपलाइन थांबवली. फोन वाजायला लागले, वरून ओरड सुरू झाली, आणि गोडबोल्यानं काय करावं? मोजणीची तपासणीच झोपवली. तात्पुरती. मग पाइपलाइन सुरळीत वाहिली, सगळे खूष झाले, आणि तपासणीला उठवायचं तो विसरला. झोपलेली तपासणी तक्रार करत नाही.

मामाच्या डॉक्टरांच्या स्क्रीनवर रिपोर्ट आलाच नाही. इस्पितळात चौकशीच्या खिडकीवरची बाई म्हणाली, काही वाईट असतं तर एव्हाना कळवलं असतं. मामा निर्धास्त झाला, मामी निर्धास्त झाली, आणि खरं सांगायचं तर भाचीही झाली, कारण काही अडकलं असतं तर आपला नाका वाजला असता असा तिला भरवसा होता. लॅबच्या टेबलात मामाची ओळ तशीच पडून राहिली. ती सापडेपर्यंत गाठ पसरली होती. मामा गेला.

चौकशी झाली. तेव्हा त्यांच्या टीममध्ये सगळ्यांचं मिळून एकच लॉगिन होतं. कुणीही काहीही केलं तरी नोंद एकाच नावानं पडायची. तपासणी कुणी बंद केली ते कळायला मार्ग नव्हता. गोडबोल्यानं अत्यंत दुःखी चेहऱ्यानं एवढंच सांगितलं, "तपासणी ताईंकडे असते." यात खोटं काय होतं? काहीच नव्हतं, म्हणून तर ते खपलं. सगळं खापर तिच्या डोक्यावर फुटलं. तपासणी कशी बंद करायची ते दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातली एक इस्पितळाच्या बाकावर मामाचा हात धरून बसली होती, हे तिनं सांगून पाहिलं. घरून लॉगिन करून बंद केली नसेल कशावरून, पुरावा काय, असं विचारलं गेलं. जिन्यात गाठून तिनं त्याला जाब विचारला, तर म्हणतो कसा, "जाऊ द्या ना ताई. आपलीच टीम आहे." पुढं त्याला बढती मिळाली. ताईचा साहेब झाला.

आणि मामी. कुणीतरी मामीपर्यंत पोचवलंच, की रिपोर्ट भाचीच्या खात्यात अडकला. मामीनं एकच विचारलं, "तुझ्याकडेच होतं ना ते काम?"

"हो, पण मामी..."

मामीनं तो 'पण' ऐकून घेतला नाही. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती भांडायचीच थांबली. भाची घरी गेली की म्हणायची, "या, बसा. चहा टाकू?" जिनं कान पिळून शाळेत पाठवलं, ती पाहुण्यासारखं वागवायला लागली. चार-सहा महिने तिनं ते सोसलं आणि मग दुसरीकडं खोली घेतली. रविवारी जायची. पुढच्या खोलीत मशीनं तशीच धूळ खात पडलेली, आणि मामी समोर कप ठेवून खिडकीबाहेर बघत बसलेली.

तिनं डूख धरला. तिला काय हवं होतं ते अगदी साफ होतं. त्यानं आपल्या तोंडानं, चारचौघांत कबूल करायला हवं, की तपासणी मी बंद केली होती. आणि ते मामीच्या कानावर जायला हवं. त्याची नोकरी जावो, राहो, खड्ड्यात जावो. म्हणजे खड्ड्यात गेली तर हवीच होती, पण ती वरची कमाई म्हणून.

नोकरी सोड, असं तिला अनेकांनी सुचवलं. ती कसली सोडते. रोज वेळेवर यायची, "गुड मॉर्निंग, साहेब" म्हणायची, आणि त्यातला साहेब असा उच्चारायची की तो खाली बघून चष्मा पुसायचा. पहिलं काम तिनं हे केलं, की सगळ्यांचं लॉगिन वेगवेगळं करून घेतलं. मीटिंगमध्ये अगदी लाघवीपणानं म्हणाली, "झालं ते पुन्हा होऊ नये म्हणून, साहेब." त्याला नाही म्हणता येईना. आता ज्यानं जे केलं ते त्याच्या नावावर चढणार होतं. मग ती वाट बघत बसली. माणसाचा स्वभाव बदलत नाही, यावर तिची श्रद्धा होती. ज्यानं एकदा तपासणी झोपवली तो पुन्हा झोपवणार.

आणि त्यानं झोपवली. त्याच्या डोक्यात बोर्डाचं खूळ शिरलं होतं. भिंतीवर हा मोठा टीव्ही, त्यावर प्रत्येक लॅबची एक चौकट, काउंट जुळला की चौकट हिरवी. वरच्या लोकांना हिरवं फार आवडतं. पण टेबलाची ठेवण तपासायला वेळ लागायचा आणि बोर्ड उशिरा हिरवा व्हायचा. म्हणून साहेबांनी ती तपासणी काढून टाकली. "काउंट जुळला म्हणजे झालं, ताई. निघाला तेवढा डेटा पोचला. आणखी काय हवं?"

"काउंट जुळला म्हणजे माणसं पोचली," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "धडधाकट पोचली का, ते त्यात कळत नाही."

सगळे हसले. तोही हसला. तपासणी त्याच्याच लॉगिननं, त्याच्याच नावावर बंद झाली, आणि त्या संध्याकाळी ती कितीतरी दिवसांनी शिट्टी वाजवत घरी गेली. ठेवणीची तपासणी तिनं आपल्या मशीनवर, आपल्यापुरती चालू ठेवली. रोज सकाळी आल्या आल्या चालवायची. जाळं लावणारा रोज जाऊन बघतो तशी.

ज्या दिवशी इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरबाई विश्वस्तांना घेऊन बोर्ड बघायला यायच्या होत्या, नेमक्या त्याच दिवशी जाळ्यात काहीतरी अडकलं. काही जणांचं नशीबच असं असतं. सकाळी ती खुर्चीवर बसली, पर्स खाली ठेवायच्या आधी तपासणी चालवली, आणि समोर लाल ओळ. सगळ्यात मोठ्या लॅबनं आपल्या टेबलात एक नवा कॉलम घातला होता. 'पुनर्तपासणी', हो किंवा नाही. कॉलम नवा, म्हणून अजून सगळ्या ओळींत 'नाही'च. शेवटी घातला असता तर काही बिघडलं नसतं. पण त्यांनी तो घातला 'अर्जंट'च्या आधी.

साहेबांची पाइपलाइन कॉलमची नावं बघत नसे. नुसती रांगेनं घेत जायची. त्यामुळे झालं असं, की 'पुनर्तपासणी'तलं 'नाही' जाऊन बसलं मोठ्या टेबलातल्या 'अर्जंट'मध्ये. 'अर्जंट'मधलं 'हो' सरकलं शेऱ्याच्या कॉलमात. खरा शेरा उरला, त्याला जागाच नाही, म्हणून तो कापला गेला. दोन्हीकडं हो-नाहीच असल्यामुळे टेबलानं ब्र काढला नाही. ओळी जेवढ्या निघाल्या तेवढ्याच पोचल्या. बोर्डावरची चौकट हिरवीगार.

म्हणजे त्या लॅबच्या कुठल्याच रुग्णाचा रिपोर्ट आता अर्जंट नव्हता. ज्याच्या रक्तात काही भलतंच निघालं असेल, त्याची ओळ इतरांच्या मागं सरळ रांगेत उभी होती, आणि शेऱ्यात नुसतं 'हो' लिहिलं होतं. कसलं हो, ते डॉक्टरांना कळायची सोय नव्हती.

तिचा हात फोनकडं गेला. खरंच गेला. मग तिनं काचेपलीकडं बघितलं. गोडबोल्या नवा कोट घालून आला होता. टीव्हीची काच रुमालानं पुसत होता, मागं जाऊन बघत होता, पुन्हा पुसत होता. आत्ता सांगितलं तर काय होईल, ते तिला लख्ख दिसलं. "अरे वा, ताई, बरं झालं सांगितलंत." गुपचूप दुरुस्त करेल, डॉक्टरबाईंपुढं हिरवा बोर्ड मिरवेल, आणि वर म्हणेल की आमची टीम किती सावध आहे बघा. मामाच्या वेळी कोण सावध होतं? तिनं फोन जागेवर ठेवला, आणि चहा मागवला.

मंडळी यायला दुपार झाली. तोवर ती शांतपणे बसून राहिली. साहेबांनी बोर्ड दाखवला, काठीनं एकेक चौकट दाखवली, काउंट कसा ओळीला ओळ जुळतो ते सांगितलं. विश्वस्त माना डोलवत होते. तेवढ्यात मागून तिनं विचारलं, "साहेब, मोठ्या लॅबमध्ये आज सकाळपासून अर्जंट एकही कसा नाही?"

"चांगलंच आहे की, ताई," तो हसून म्हणाला. "लोक ठणठणीत आहेत."

विश्वस्त हसले. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "एकही नाही? असं कधी होत नाही," त्या म्हणाल्या. "दाखवा बघू."

मग तिनं दाखवलं. लॅबचं टेबल आणि मोठं टेबल, शेजारी शेजारी. तिला काही समजावावंही लागलं नाही. डॉक्टरबाईंनी तिथल्या तिथं इस्पितळात फोन लावला आणि त्या लॅबचे सगळे रिपोर्ट हातानं बघायला सांगितले. फोन ठेवून त्यांनी विचारलं, "ठेवण तपासायची काहीतरी सोय होती ना इथं? ती कुणी काढली?"

तिनं नोंद उघडली. नाव समोरच होतं.  

गोडबोल्यानं चष्मा काढून पुसायला घेतला. "तात्पुरती काढली होती, मॅडम. आणि मोजणी चालू आहे ना. हे काही मागच्या वेळेसारखं नाही. मागच्या वेळी मी मोजणीच बंद केली होती, म्हणून ओळी हरवल्या. या वेळी एकही ओळ हरवलेली नाही."

 त्याला कळायला जरा वेळ लागला. मग तो तिच्याकडं बघायला लागला. आणि तिनं त्याच्याकडं बघितलं, मनसोक्त, पोटभर. "मागच्या वेळी तुम्ही?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "माझ्या आठवणीत तर या बाईंचं नाव आहे."

संध्याकाळपर्यंत सगळं ठाकठीक झालं. ओळी पुन्हा भरल्या, अर्जंट जागेवर आलं, इस्पितळातून लोकांना फोन गेले. साहेबांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका असं सांगण्यात आलं. जाताना तो तिच्या टेबलापाशी थबकला. बहुतेक ताई म्हणणार होता. तिनं मान वर केली नाही.

रविवार नव्हता तरी ती मामीकडं गेली. चप्पल काढता काढताच सुरुवात केली. मामी आधी ऐकत नव्हती, मग कप तसाच ठेवून ऐकायला लागली. तो असं म्हणाला, मामी. स्वतःच्या तोंडानं म्हणाला, सगळ्यांसमोर. मी नव्हते. मी त्या दिवशी तुमच्याबरोबर बाकावर होते.

 मामीनं भाचीचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि रडायला लागली. "मेल्यानं इतके दिवस तुला..." एवढंच तिला बोलता आलं. "मी पण. मी पण तुला..."

"राहू दे गं, मामी." ती पण रडत होती. पण आत कुठंतरी नाचतही होती, आणि तेच नडलं. सगळं सांगून झालं होतं, तरी तिला पुन्हा सांगायचं होतं, चवीचवीनं, अगदी पहिल्यापासून. "तुला सांगते, सकाळी पर्ससुद्धा खाली ठेवली नव्हती, तेव्हाच मला दिसलं. म्हटलं, सापडलास. हा आपला नवा कोट घालून टीव्ही पुसतोय. मी म्हटलं, पूस, चांगला चकचकीत पूस. लगेच सांगितलं असतं तर निसटला असता गं. मी चहा मागवला आणि बसले. दुपारी सगळे जमले, आणि मग..."

मामीनं हात सोडला.

"सकाळी दिसलं तुला?"

"हो, आल्या आल्या."

"आणि दुपारपर्यंत बसून राहिलीस?"

"अगं, डॉक्टरबाई यायच्या होत्या ना. त्यांच्यासमोर व्हायला हवं होतं. आणि कुणाला काही झालं नाही, मामी. एक जण तर गावी निघाला होता, गाडीत बसलेला, त्यालासुद्धा फोन करून परत बोलावला."

"त्याच्याबरोबर कोण होतं?"

"मला काय माहीत?"

मामीनं पदरानं डोळे पुसले. आवाज चढवला नाही. "आपणही असेच घरी आलो होतो," ती म्हणाली. "तुझे मामा वाटेत म्हणाले, काही निघालं नाही म्हणजे सुटलो. खूष होते. तुलाही आठवत असेल." मग म्हणाली, "त्या मुलाला निदान माहीत नव्हतं गं कुणाची ओळ गेली ते. तुला माहीत होतं. किती जण होते सकाळपासून?"

 तिनं मोजलेच नव्हते. सकाळभर स्क्रीन समोर होती, शेऱ्यात 'हो' असलेल्या ओळी नजरेसमोरून जात होत्या, आणि ती काचेपलीकडं बघत होती.

मामी उठून आत गेली. आत भांडं ठेवल्याचा आवाज आला, मग नळाचा.  आतून कुणी ये म्हणालं नाही आणि जाही म्हणालं नाही. शेवटी भाची बाहेर आली, दारापाशी उभी राहिली आणि ऑफिसात फोन लावला. पाळीवरच्या माणसानं उचलला.

"ताई, अभिनंदन. आज काय धुतलंत साहेबांना."

"मोठ्या लॅबचं सकाळचं टेबल उघड," ती म्हणाली. "शेऱ्यात 'हो' असलेल्या ओळी काढ."

"आता कशाला? सगळं दुरुस्त झालंय."

"काढ. आणि नावं वाच."

तिकडं कळफलक वाजला. मग त्यानं वाचायला सुरुवात केली. नाव, वय, नाव, वय. ती भिंतीला टेकून ऐकत राहिली. मधेच तो थांबला.

"अजून आहेत, ताई. वाचू?"

"वाच," ती म्हणाली.